बेचाळीस पायऱ्या

पाच माणसं. गाडीत सात बसतात,
पण मागचा पट्टा अडकतो, म्हणून पाच.
हॅमॉकमध्ये पडून, एक पाय फरशीला लावून
मी उद्याची गणितं मांडतेय
विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर,
नेल्सीच्या जांभळ्या पेनानं.

सहाला निघायचं. म्हणजे साडेसहाला.
फ्रेंच नवराबायकोला कॉफी लागेल,
पेट्रोल पंपावरची चालवून घ्यावी.
अवशेषांच्या फाटकाशी आठच्या आत,
दहाला समुद्राकडच्या बसेस येतात
आणि मग दगडादगडावर माणसं उगवतात.
सुटे पेसो: दोन खिडक्या, दोन तिकिटं,
एक देशाचं, एक राज्याचं. का,
ते अकरा वर्षांत मला कुणाला पटवता आलेलं नाही.
टोपी. पाणी. उलटीच्या पिशव्या.
सनक्रीम लावू नका, हे आजच कळवायचं.
लावलंत तर उतरण्याआधी अंघोळ.
खालचे आंधळे मासे
तुमच्या तेलावर जगत नाहीत.

मग त्स'ओनोत. तुमच्या नकाशात सेनोते.
ते मला बाराला हवंय, ठोक्याला.
बाराला छताच्या भोकातून ऊन
ओळंब्यासारखं सरळ खाली सुटतं
आणि पाण्याला तळ आहे हे तेव्हा कळतं.
एकला पोचलात तर नुसता गार अंधार,
आणि वटवाघळांचा वास.

पाचवा माणूस ओडवार, नॉर्वेचा, अठ्ठ्याहत्तर.
त्यानं कळवलंय: गुडघा नवा आहे, पण भित्रा.
डॉन फिदेन्सियोला फोन लावला.
पायऱ्या किती हो?
"मागच्या वर्षी होत्या तेवढ्याच."
म्हणजे बेचाळीस. लाकडी.
शेवटच्या सहा शेवाळलेल्या.

वर सावलीत बसवावं त्याला?
लिंबाचं सूप जरा आधी वाढावं?
खालून चौघांच्या किंकाळ्या येत राहणार
आणि हा चमच्यानं टॉर्टियाचे तुकडे बुडवणार.
नको.

एक अडचण मी यादीत कधीच लिहीत नाही.
देवळासमोर उभी राहून काय म्हणू,
त्यांनी बांधलं, की आम्ही बांधलं?
स्पॅनिशमधला 'नोसोत्रोस' ऐसपैस,
त्यात येईल त्याला कोंबता येतं.
घरच्या मायात मात्र ठरवावं लागतं
ऐकणारा उंबऱ्याच्या आत की बाहेर,
आपण की आम्ही.
'त्यांनी' म्हटलं की बक्षिशी बरी मिळते.
'आम्ही' म्हटलं की कुणीतरी हळूच
माझ्या बुटांकडे बघतं.

बुटांवरून आठवलं, बाबा अनवाणी जायचे.
त्याच भोकाच्या काठावर, नळ यायच्या आधी,
पहाटे पाणी शेंदायला.
त्यांच्या तळहातांना दोराची नक्षी होती,
बोटं मिटली तरी दिसायची.
कप्पी अजून तिथंच आहे.
फिदेन्सियोच्या बायकोनं तिला
बोगनवेलीची कुंडी टांगलीय.

परत फोन.
कप्पी फिरते का?
"फिरते. ओरडते."
कुंडी काढाल?
बराच वेळ कोंबडाच ऐकू येत राहिला.
"बायकोला विचारतो."

तर मी खोडलं 'सूप', आणि लिहिलं:
बारा वाजता, ओडवार, बादली.
चौघं पाण्यात उतरतील,
पाणी ओडवारकडे चढेल,
अर्धं वाटेत सांडत, खालच्यांच्या डोक्यांवर.
दोर ओला झाला की जड होतो,
हे त्याला आधी सांगायचं नाही.

आणि तो विचारेलच, पाहुणे विचारतातच,
हे असं कोण पाणी काढायचं?
मी म्हणेन, आम्ही.
पण दोर तर त्याच्या हातात असेल.
बघू. तेव्हा तोंडाला जे येईल ते.

नेल्सी पेन परत मागतेय, उद्या तिची परीक्षा.
थांब गं, एकच राहिलं.
नाहीतर तूच लिही, तुझं अक्षर वाचता येतं:
दोर, वीस मीटर.
डिझेल.